नऊ खांबांचा गोठा

कळंबच्या एका लग्नात वरात दारात आली, अक्षता पडल्या, नवरानवरी फोटोसाठी खुर्च्यांवर येऊन बसली आणि फोटोवाला गायब झाला. मंडपात, जेवणाच्या पंगतीत, विहिरीवर, सगळीकडे शोधाशोध झाली. शेवटी तो सापडला मुलीच्या चुलत्याच्या जुन्या गोठ्यामागे. तिवईवर कॅमेरा लावलेला, डोक्यावर काळं कापड, आणि समोर पोक आलेली एक मातीची भिंत.

मुलीचा बाप संतापून म्हणाला, "आरं बाबा, माझी लेक तितं घामानं भिजून चाललीया, अन् तू म्हशीच्या गोठ्याचा फोटू काढतूस व्हय?"

कापडाखालून आवाज आला, "तुमची लेक तासाभरानं पण असेल. हे ऊन नसेल."

मुलीच्या बापानं हा किस्सा पुढं वीस वर्षं सांगितला असेल. आधी रागानं, मग हसून. इंदापूरच्या बाजूला त्या माणसाला 'गोठेवाला' हे नाव पडलं ते तिथूनच. बारामतीत त्यांना सगळे तात्या म्हणत. मीही तात्याच म्हणतो. खरं नाव लिहिण्याचा अधिकार माझ्याकडे राहिलेला नाही.

पन्नासच्या दशकात मी बारामतीला एका कचेरीत कारकून म्हणून लागलो. वय चोवीस, लग्न व्हायचं होतं. तात्यांच्या स्टुडिओच्या मागची खोली मला भाड्यानं मिळाली. स्टुडिओ म्हणजे पुढं एक लांबट खोली, रंगवलेला पडदा, त्यावर कारंजं आणि दोन हंस. तात्यांना त्या हंसांचा मनापासून तिटकारा होता. गिऱ्हाईक बसलं की ते हंसांकडे पाठ करून उभे राहत.

आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यातून माणसं येत. फोटोवाल्यांचा तो कमाईचा दिवस. तात्या नेमका त्याच दिवशी स्टुडिओ बंद ठेवत. "आज सगळे इकडे आलेत, म्हणजे वस्त्यांवर कुणी नसणार," असं म्हणत ते सायकलच्या मागे कॅमेऱ्याची पेटी बांधत आणि कालव्याच्या कडेनं निघून जात. भवानीनगर, सणसर, कधी पार इंदापूरच्या शिवेपर्यंत. परत येत ते तिन्हीसांजेला, डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं भरलेले, आणि बरोबर जेमतेम दोन नाहीतर तीन काचा. तेव्हा फिल्म आली होती, पण तात्या काचेवरच फोटो घेत. आणि एका गोठ्याला एकच काच. बिघडली तर बिघडली. "जे आलं ते आलं," म्हणायचे.

कधी रजा मिळाली की मीही बरोबर जात असे. गोठ्यात शिरले की आधी ते भिंतीचा वास घेत. अगदी नाक लावून. मग एकेका खांबावर बोटाच्या पेरानं टकटक करत. लोक हसत. एकदा एक म्हातारी मला म्हणाली, "ह्यो जनावरांचा डागदर न्हाय तर खांबांचा हाय का रं?"

उजेड किती वेळ घ्यायचा हे ते घड्याळावर बघत नसत. कॅमेऱ्याची टोपी काढायची आणि मोठ्यानं पाढे म्हणायचे. उन्हात पावकी पुरे. "एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण," की टोपी परत. आत, गव्हाणीपाशी, जिथं अंधार जुना झालेला असतो, तिथं सगळी औटकी लागायची. साडेतीनचा तो पाढा दहापर्यंत म्हणताना भोवती जमलेली माणसं श्वास धरून उभी राहत, जणू गोठा हलेल अशी त्यांना भीती वाटायची.

त्यांचा एक नियम मात्र फार कडक होता. फोटोत माणूस नको, जनावरही नको. गाय सोडा, बैल बाहेर काढा, बाज उचला, पाटी हलवा, कोंबडी हाकला.

"आवो, जनावरं न्हायीत तर गोठा कसला?" लोक विचारत.

"माणूस फोटोत आला की ऐट करतो. बैल आला की सगळे बैलच बघतात," तात्या म्हणत. "गोठ्याकडे बघायला कुणी राहत नाही. आबा, तुम्ही जरा त्या लिंबाखाली व्हा बघू. अजून मागे. तुमची सावली येतेय."

आणि ती माणसं मुकाट्यानं जात. स्वतःच्या गोठ्यातून स्वतःची जनावरं बाहेर काढून, लिंबाखाली कासरे धरून उभी राहत. ते असं का ऐकत, हे मला तेव्हा कळत नसे. आता वाटतं, आपल्या गोठ्याकडे कुणी इतक्या आदरानं बघतंय हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असेल.

माझं अक्षर चांगलं. फोटो कागदावर उतरून वाळला की तात्या तो माझ्याकडे देत आणि मी मागे लिहीत असे: गाव, महिना, मालक, खांब किती. खांबांचा आकडा चुकलेला त्यांना खपत नसे. दोन वर्षांत मी दीडेकशे फोटोंच्या मागे लिहिलं असेल. आम्ही दोघं चहा पीत बसायचो, ते सांगायचे, मी लिहायचो. माझ्या त्या वयातले सर्वांत चांगले तास तेच होते.

अशाच एका वैशाखातल्या संध्याकाळी ते फार खुशीत आले. सणसरच्या पुढं एका वस्तीवर त्यांना गेनबा नावाच्या शेतकऱ्याचा गोठा सापडला होता. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद, नऊ खांब.

"मधला खांब बघा," त्यांनी ओला फोटो माझ्यापुढे धरला. "कसा चकाकतोय. काय वाटतं, कुणी घडवला असेल?"

"सुतारानं?"

"मानेनं! तीन पिढ्यांच्या बैलांनी मान घासून घासून घडवलाय. इथं, बघा, कसा खोलगट झालाय. हात लावला तर काचेसारखा लागतो."

मी पाहिलं. खांब सुंदरच होता. त्याच्यामागे छपराला मोठं भोक होतं, त्यातून उन्हाचा झोत गव्हाणीवर पडला होता. गव्हाण रिकामी. दावण रिकामी. वाळल्यावर मी मागे लिहिलं: सणसर, वैशाख, गेनबा, खांब नऊ.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

दोन आठवड्यांनी कचेरीत एक काम निघालं. कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्यांसाठी नवा रस्ता आखला होता. आखणीच्या रेषेत कुठली बांधकामं येतात ती जागेवर जाऊन पाहायची आणि यादी करायची. साहेबांची सूचना साधी होती: बांधकाम वापरात असेल तर रस्ता वळवायचा, पडकं असेल तर सरळ न्यायचा. यादी करायला मला पाठवलं.

आठ ठिकाणं मी पाहिली. प्रामाणिकपणे पाहिली. नववं राहिलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, सायकल पंक्चर, घसा कोरडा, आणि पुढं दोन कोस डांबर नसलेला रस्ता. कागदावर नाव बघितलं. गेनबा. आणि मी मनाशी म्हटलं, अरे, हा तर मी पाहिलाय.

मी पाहिला नव्हता. फोटो पाहिला होता.

झाडाखाली बसून मी लिहिलं: "पडका गोठा. छप्पर खचलेले. वापरात नाही."

मी शेतकऱ्याच्या घरचा मुलगा. वैशाखात माळवदाची जुनी माती उकरून काढतात, पावसाआधी नवी घालतात, चार-आठ दिवस छप्पर उघडं असतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आमच्या घरी मी स्वतः त्या मातीच्या पाट्या वाहिल्या आहेत. आणि फोटोसाठी तात्या जनावरं बाहेर काढतात हे तर माझ्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी लिहिलं. ऊन लागत होतं म्हणून लिहिलं. याहून मोठं कारण मी पुष्कळ वर्षं शोधलं, पण ते सापडलं नाही.

एवढ्यावर मी थांबलो नाही. कुणी विचारलं तर हाती काही असावं म्हणून तो फोटो तात्यांच्या खोक्यातून काढून मी यादीला टाचला. साहेब खूश झाले. "बघा, याला म्हणतात काम. पुरावा जोडलाय," असं सगळ्या कचेरीदेखत म्हणाले. मला लाज वाटली नाही. बरं वाटलं.

पुढं गावात चावडीवर यादी वाचून दाखवली गेली, नावांशिवाय, नुसत्या सर्व्हे नंबरांनी; हे मला फार नंतर कळलं. त्याच सर्व्हे नंबरात गेनबाच्या भाऊबंदांचीही जमीन होती, आणि त्यातल्या एकाचा खरोखरच ढासळलेला गोठा बांधाला होता. 'पडका गोठा, वापरात नाही' हे ऐकून गेनबा शेजाऱ्याला म्हणाला होता, "त्यो आमच्या चुलतभावाचा आसंल. माझा तर नांदता हाय." आणि घरी गेला होता. हरकत घ्यायची मुदत तशीच निघून गेली.

मी दुसऱ्या टेबलावर गेलो आणि विसरलो. खरंच विसरलो.

पौषात एका रविवारी तात्या म्हणाले, "चला हो, आज तुम्हाला तो खांब दाखवतो. आता माळवद नवं झालं असेल. सकाळचं तिरपं ऊन आत कसं शिरतं ते बघायचंय. त्या गोठ्याला दुसरी काच देणार आहे मी."

एका गोठ्याला एक काच, हा नियम ते पहिल्यांदाच मोडणार होते. दोन सायकलींवर आम्ही निघालो. उसाच्या गाड्यांची रांग लागली होती, गाडीवान तात्यांना ओळखून हाका मारत होते. "गोठेवालं, आमच्या गाडीचा फोटू काढा की!" तात्या हात हलवत होते.

सणसर मागे पडलं. पुढं मुरुमाचा नवा पांढरा रस्ता दिसला आणि मला ती यादी आठवली. रस्ता सरळ होता. कुठंही वळला नव्हता.

गोठा नव्हता. दगडांचा ढीग होता, मातीचा ढीग होता. बाभळीखाली दोन बैल, एक गाय आणि एक वासरू बांधलेलं, त्यांच्या पाठींवर गोणपाटं. समोर एक म्हातारी शेण गोळा करत होती. ती गेनबाची बायको, ठकूबाई. गेनबा गाडीच्या जोखडावर बसला होता.

तात्या सायकल हातात धरून नुसते उभे राहिले.

ठकूबाई आम्हाला बघून उठली. कुणी न विचारताच सांगायला लागली. "ह्ये ऊस घिऊन गेलं हुतं कारखान्यावर. तीन दीस गाडी रांगंत. मागनं ती मान्सं आली. मी म्हनलं, आरं, गाय बांधलीया आत, दिसत न्हाय का? तर त्यो मुकादम म्हनतो, बाई, कागदावर पडका हाय. मी म्हनलं, कागदावर आसंल, ह्यो उभा हाय त्यो कुनाचा मग? तर मला एक फोटू दावला. म्हनं बघ, हाय का गाय? हाय का वैरन?"

तिचा आवाज चढला नाही, आणि ते ऐकवत नव्हतं. "मीच सोडली गाय शेवटाला. माझ्याच हातानं. अंगावर आढं पडलं आसतं."

पलीकडे रस्त्याच्या मजुरांनी मांडलेली तीन दगडांची चूल होती. मजूर पुढं गेले होते. चुलीत एक जाड लाकूड अर्धं जळून विझलेलं होतं, उरलेलं अर्धं बाहेर. ते बाहेरचं टोक उन्हात चकाकत होतं. मधोमध खोलगट.

तात्या चुलीपाशी गेले, खाली बसले आणि त्या लाकडावर त्यांनी तळहात ठेवला.

मग गेनबा उठला. बंडीच्या खिशातून फोटो काढला. "मुकादमानं जाताना दिला. म्हनला, घे, आठवन ऱ्हाईल." त्यानं तो तात्यांपुढे धरला. "तात्या, ह्यो तुमचाच न्हवं?"

तात्यांनी फोटो घेतला. पुढून पाहिला. मग उलटा केला.

मागे माझं अक्षर होतं. सणसर, वैशाख, गेनबा, खांब नऊ. यादीला टाचल्याची दोन भोकं कोपऱ्यात होती.

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. अचंबा होता, फक्त अचंबा. भर दुपारी ओळखीच्या घरात शिरावं आणि आत भिंतच नसावी, तसं ते बघत होते. मी काही बोललो नाही. बोलायला फार थोडं होतं. तीन शब्द पुरले असते.

गेनबा म्हणाला, "तुमी जनावरं भायेर काढायला लावली तवाच मला कळाया पायजे हुतं. मी आपला लिंबाखाली हुबा, कासरा धरून. सरकारचं मानूस हाय म्हनून सांगायचं तरी हुतं, तात्या."

आता तात्या सांगतील, असं मला वाटलं. देवाशपथ सांगतो, सांगावं असंही वाटलं.

"होय," तात्या म्हणाले. "माझाच आहे."

बस्स. एवढंच. फोटो त्यांनी गेनबाच्या हातात परत दिला, दोन्ही हात जोडले आणि सायकलकडे वळले. कॅमेऱ्याची पेटी उघडलीच नाही. बारामतीपर्यंत ते माझ्यापुढे पन्नास पावलांवर सायकल चालवत होते. मी वेग वाढवला की तेही वाढवत.

ती बातमी वस्त्यावस्त्यांवर गेली. गोठेवाला सरकारचा माणूस आहे, त्यानं फोटो काढला की गोठा जातो. तात्या बाजाराच्या दिवशी अजूनही जात. पण आता त्यांची सायकल दिसली की बांधावरून ओरड व्हायची, "गोठंवाला आला रं, जनावरं आत घ्या!" माणसं धावत येऊन दारात उभी राहायची. म्हातारी, पोरंटोरं, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. एकदा एकानं नुसतं दार अडवायचं म्हणून शेजाऱ्याचा रेडादेखील आणून बांधला होता. तात्या कुणाला बाजूला व्हा म्हणत नव्हते. तिवई लावत, पावकी म्हणत, फोटो घेत आणि परत येत.

त्या वर्षीचे फोटो मी पाहिले आहेत, चोरून. सगळ्या गोठ्यांच्या दारात माणसं आहेत आणि ती सगळी कॅमेऱ्याकडे रोखून बघताहेत. त्यांच्यामागे अंधारात खांब धूसर दिसतात. त्या फोटोंच्या पाठीवर तात्यांनी स्वतः लिहिलं होतं, त्यांच्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात: मालक, मालकीण, मुलं किती, जनावरं किती. खांब लिहायचे त्यांनी सोडून दिले होते.

माझ्याकडे त्यांनी पुन्हा एकही फोटो लिहायला दिला नाही. खोली सोडा असंही म्हणाले नाहीत. सकाळी चहाला हाक मारत. मी जात असे. आम्ही पावसापाण्याचं बोलायचो. मला वाटायचं, आज सांगू. तोवर कप रिकामा व्हायचा. मग उद्या.

वर्षभरानं माझी बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी तात्या म्हणाले, "बसा. तुमचा एक काढतो."

आपण होऊन कुणाचा फोटो काढताना मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं. त्यांनी हंसांचा पडदा गुंडाळून वर केला. मागे नुसती भिंत राहिली. आभाळ भरलेलं, खोलीत उजेड कमी. त्यांनी काच बसवली, टोपीला हात लावला.

"औटकी लागेल," ते म्हणाले. "हलू नका."

टोपी काढली. "एक औट साडेतीन. दोन औट सात. तीन औट साडेदहा."

ते कॅमेऱ्याच्या बाजूला उभे राहून सरळ माझ्याकडे बघत होते. घाई नव्हती. नेहमीपेक्षा सावकाश म्हणत होते.

"चार औट चौदा. पाच औट साडेसतरा."

सातव्याला मी तोंड उघडलं. "तात्या, ते..."

ते थांबले नाहीत, पण प्रत्येक आकड्यानंतर वाट बघू लागले. "आठ औट... अठ्ठावीस. नऊ औट... साडेएकतीस." माझे ओठ हलत होते आणि आवाज फुटत नव्हता. "दहा औट पस्तीस." टोपी लागली.

"हललात," ते म्हणाले.

"दुसरा काढा, तात्या."

"नको. जे आलं ते आलं."

महिन्याभरानं नव्या गावी पाकीट आलं. आत चिठ्ठी नव्हती, फक्त फोटो. कपाळ, डोळे, कान, सगळं लख्ख. तोंडाच्या जागी मात्र एक पुसट फराटा. जणू कुणीतरी ओल्या बोटानं पुसून टाकलंय. मी तो उलटा केला. पाठ कोरी होती. मागे लिहायचं काम माझं होतं.

तात्या चार वर्षांनी गेले. मला कळलं ते उशिरा. गेनबाही गेला. ठकूबाईचं मी विचारलं नाही. मध्यंतरी त्या रस्त्यानं मोटारीतून गेलो. डांबर झालंय. तिथं वळण नाही, त्यामुळे कुणाचा वेग कमी होत नाही. ड्रायव्हरला थांब म्हणायला मी तोंड उघडलं आणि तोवर ती जागा मागे पडली.

आज माझं वय तेव्हाच्या तात्यांएवढं झालं आहे. सकाळी मी माझा तो पुसट तोंडाचा फोटो बाहेर काढला, दौत घेतली आणि कोऱ्या पाठीवर लिहिलं. अक्षर अजून चांगलं आहे.

सणसर, पौष. गेनबाचा गोठा. मालकीण ठकूबाई. खांब नऊ. बैल दोन, गाय एक, वासरू एक. नांदता.